जीवरसायनवाल्यांची पनवेल शाखा

जिथे चूक करायला सक्त मनाई असते ना, तिथे किस्से जास्त साठतात. लग्नाच्या हॉलमध्ये काय काय चुकतं, पण आठवड्याभरात सगळे विसरतात. रक्त तपासणाऱ्या माणसाची मात्र एकच गोष्ट चुकू द्या, ती जन्मभर पुरते! माझ्याकडे तर साठाच आहे. मित्र घरी आले की बायको आधी विचारून घेते, "आज सोसायटी काढणार आहात का? म्हणजे त्या हिशेबाने दूध आणते."

सोसायटी म्हणजे क्लिनिकल बायोकेमिस्ट्रीवाल्यांची राष्ट्रीय संघटना. रक्तातली साखर, युरिया, कोलेस्टेरॉल वगैरे मोजणाऱ्या मंडळींची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी तिची शाखा पनवेलला निघाली. शाखेचे अध्यक्ष गुप्तेसर. मुंबईला मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले आणि नवीन पनवेलला फ्लॅट घेतलेले. सचिव पाटकर, भाजी मार्केटच्या मागे त्यांची स्वतःची लॅब. आणि डॉक्टर सुनीता राऊत, सरांची जुनी विद्यार्थिनी, गावातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलची लॅब सांभाळणारी. बाकीचे सभासद समोशापुरते.

ते समोसे माझ्या कंपनीचे. मी शास्त्रज्ञ बिस्त्रज्ञ नाही, मी तपासणीची किट विकायचो. स्कूटरच्या डिकीत बर्फाचा डबा, डब्यात किट, आणि पनवेल-उरण-पेण असा फेरा. बाहेरचा पाहुणा आला की सर माझी ओळख करून द्यायचे, "हे आपले इंडस्ट्री पार्टनर, मिस्टर नाईक." पाहुणा गेला की, "नाईक, खुर्च्या उचला!"

*

शाखेचं उद्घाटन करायला राष्ट्रीय अध्यक्ष स्वतः विमानाने मुंबईला आले आणि तिथून गाडीने निघाले. इकडे हॉल भरलेला, समई तयार, माझे समोसे गरम. पाहुण्यांचा पत्ता नाही. सरांनी स्वागताचं भाषण सुरू केलं आणि मग ते ताणायला घेतलं. आधी संघटनेचा इतिहास झाला, मग बायोकेमिस्ट्रीचा, मग पनवेलचा. शेवटी सर स्वतःच्या बालपणात शिरले तेव्हा मागच्या रांगेतले लोक उठायला लागले. पाटकरांनी घाईघाईने आभार मानून टाकले.

तेवढ्यात फोन आला, पेणच्या एसटी स्टँडसमोरच्या बूथवरून. ड्रायव्हर पनवेल मागे टाकून पळस्प्याला पोचला आणि तिथून सरळ गोव्याच्या रस्त्याला लागला होता!

पाहुणे आले तेव्हा हॉलमध्ये आम्ही मोजकी मंडळी आणि गार समोसे. पण माणूस जिद्दी. पूर्ण भाषण केलं त्यांनी. विषय आधीच छापलेला होता, 'प्रयोगशाळेतील चुका आणि त्या टाळण्याचे मार्ग'.

पाटकर माझ्या कानाला लागले, "चुकांचं ठीक आहे हो. पण मार्गाचं यांनी बोलू नये!"

*

मग पाटकरांच्या लॅबवर लावायला शाखेचा बोर्ड झाला. सर मराठीचे कडवे अभिमानी, "इंग्रजी बोर्ड लावणार नाही!" पेंटरने जागा बघून बाकीची अक्षरं बारीक काढली आणि 'जीवरसायन' हा एवढा एकच शब्द असा टोलेजंग रंगवला की रस्त्याच्या त्या टोकावरूनही दिसावा.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी कोन गावाहून एक म्हातारबाबा आले. डोक्याला फडकं, हातात पिशवी. म्हणाले, "दोन बाटल्या द्या."

"कसल्या?" सरांनी विचारलं.

"ह्याच्या. जीवरसायनाच्या. गुडघं लय दुखतान."

पाटकर तोंडात रुमाल कोंबून आत पळाले. सर मात्र शिक्षक ना! त्यांनी म्हातारबाबांना खुर्चीत बसवलं आणि जीवरसायन म्हणजे औषध नव्हे, ते शास्त्र आहे, इथपासून सुरुवात केली. कर्बोदकं झाली, प्रथिनं झाली, एन्झाइम्स झाली. माणूस म्हणजेच कसा रसायनांचा कारखाना आहे, हेही झालं. म्हातारबाबा शांतपणे मान डोलवत होते. सरांना वाटलं, एक तरी विद्यार्थी मिळाला.

सर थांबल्यावर बाबांनी पिशवी उघडली. "ह्ये सगलं खरं हाय, मास्तर. पन कडू हाय का गोड?"

*

त्या वर्षांत नवीन पनवेल आणि विचुंब्याकडे बिल्डिंगा धडाधड उभ्या राहत होत्या. 'सोसायटी' म्हटलं की लोकांना एकच सोसायटी समजायची. आमच्या पहिल्या वार्षिक सभेची जाहिरात पाटकरांनी स्थानिक पेपरात दिली, 'सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा, सर्व सभासदांनी उपस्थित राहावे'. झालं! विचुंब्याचे एक साठे नावाचे गृहस्थ, बँकेत नोकरीला, बरोबर वेळेवर येऊन पहिल्या रांगेत बसले. त्यांनी अख्खा अहवाल ऐकला. काही कळलं नसणार, पण तसं ते कोणालाच कळत नव्हतं.

प्रश्नोत्तरांना ते ताडकन उठले. "अध्यक्षमहाराज, पाण्याचं काय झालं?"

सर खूश! इतका मुद्द्याचा प्रश्न! "उत्तम प्रश्न. शुद्ध पाणी हा आपल्या कामाचा पायाच आहे. डिस्टिल्ड वॉटरच्या दर्जाचा प्रश्न मी वरपर्यंत नेलेला आहे."

"डिस्टिल्ड कशाला? आम्हाला साधं द्या!"

"साध्या पाण्याने रिझल्ट चुकतात!" सरांचा आवाज चढला.

"कसले रिझल्ट? बायको डाळ शिजवते त्यात!"

 सरांनी चष्मा काढून पुसला आणि अतिशय दुःखाने विचारलं, "कोणत्या लॅबमध्ये हा प्रकार चालतो?"

साठेंना खरं काय ते कळलं तेव्हा ते आधी संतापले आणि मग समोसे खाऊन गेले. पुढच्या वर्षी परत आले! म्हणाले, "आमच्या सोसायटीच्या मीटिंगपेक्षा इथे बरं असतं. मारामारी होत नाही."

*

मारामारीची वेळ एकदाच आली, ती परीक्षेवरून.

त्याचं असं होतं, की मुख्यालयातून देशभरातल्या लॅबना एकाच सीरमच्या छोट्या बाटल्या पाठवायचे. आत वाळवलेली पावडर. ठरलेलं पाणी घालायचं, पेशंटच्या रक्तासारखं तपासायचं, उत्तर कळवायचं. कोणाची लॅब किती पाण्यात आहे ते त्यावरून समजायचं. हे संघटनेचं खरंखुरं चांगलं काम, मी थट्टा करणार नाही.

पहिल्या वेळी सरांनी सगळ्यांना बजावलं, "ही आपली स्वतःची परीक्षा आहे. एकमेकांना विचारायचं नाही!" सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. त्या आठवड्यात मी पाटकरांच्या लॅबमध्ये किट द्यायला गेलो तर त्यांचा फोन बंदच होईना.

"हॅलो, हां, बोला. नाही, सहजच विचारताय ना? सहजच सांगतो..."

फोन ठेवला की पुन्हा वाजायचा. पाटकर शाखेचे सचिव, लॅब जुनी, त्यांचं चुकेल कसं? सगळ्यांनी त्यांचेच आकडे थोडे इकडेतिकडे करून पाठवले. अगदी तंतोतंत नको, संशय येतो! फक्त सुनीताने स्वतः तपासलं आणि जे आलं ते लिहिलं. तिची उत्तरं बाकीच्यांच्या दुप्पट.

हे मीटिंगमध्ये निघालं आणि सगळे तिच्यावर तुटून पडले. "एवढ्या लॅब एकीकडे आणि तुम्ही एकट्या दुसरीकडे? आधी मशीन दाखवून घ्या, मॅडम." पाटकर तर समजुतीच्या सुरात म्हणाले, "होतं असं सुरुवातीला. लाजायचं काही कारण नाही."

सुनीता एवढंच म्हणाली, "बाटलीत पाणी किती घातलंत, पाटकर?"

पाटकर हसले. "लेबलवर असेल तेवढं. लेबल वाचता येतं आम्हाला."

महिन्याभराने निकाल आला. पाटकरांनी पाणी दुप्पट घातलं होतं! अख्ख्या पनवेलची उत्तरं निम्मी. मुख्यालयातल्या कोणा खवचट माणसाने खाली शेरा मारला होता, तो सरांनीच भर मीटिंगमध्ये वाचला, 'पनवेल विभागातील लॅबमध्ये जी एकवाक्यता दिसते ती देशात अन्यत्र कुठेही आढळली नाही. पेशंटचा निम्मा युरिया कुठे गेला तेवढे कळवावे.'

कोणी कोणाकडे बघेना. सुनीताने चहा संपवला. पाटकरांनी घसा साफ केला.

"पहिलं वाक्य आपल्याला अहवालात छापता येईल," ते म्हणाले.

*

सरांचं एक स्वप्न होतं. पुस्तकातले नॉर्मल आकडे सगळे गोऱ्या लोकांचे. कोलेस्टेरॉल इतकं, हिमोग्लोबिन तितकं. सर टेबलावर मूठ आपटायचे, "आपण सुरमई खाणार, भात खाणार, आणि मोजणार मात्र त्यांच्या मापाने? आपलं नॉर्मल आपण ठरवायचं!"

त्यासाठी धडधाकट माणसांचं रक्त हवं होतं. आम्ही उरणच्या बाजूला एका कोळीवाड्यात टेबल मांडलं. सकाळी रांग लागली, पण रांगेत सगळे आजारी! कोणाला दमा, कोणाचा पाय सुजलेला. धडधाकट माणसं जाळी विणत लांबून मजा बघत होती. सर त्यांच्यापाशी गेले. हिराबाई नावाची एक बाई, मासळीच्या धंद्यातली, खणखणीत.

"बरं हाय त्याचं रगत कशाला काढता?" तिने विचारलं.

"निरोगी माणूस कसा असतो ते आम्हाला समजून घ्यायचंय."

"मंग बगा ना आमच्याकडं!" हिराबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बगायला सुई कशाला लागतं?"

सर रिकाम्या नळ्या घेऊन परत आले. मग पाटकरांनी तोडगा काढला, आपण कार्यकारिणीचे सभासदच रक्त देऊ! शिकलेली, सुस्थितीतली, निरोगी माणसं. नळ्या भरल्या, सुनीताने तपासण्या केल्या आणि कागद टेबलावर ठेवला. कोलेस्टेरॉल जवळजवळ सगळ्यांचं जास्त. पाटकरांची साखर तर अशी, की सुनीताने त्यांच्या पुढ्यातली जिलबीची बशी उचलून खिडकीत ठेवली.

बराच खल झाला. शेवटी ठराव आला, की स्थानिक परिस्थिती लक्षात घेता कोलेस्टेरॉलची नॉर्मल मर्यादा वाढवावी.

"असं कसं वाढवता येईल?" सुनीता उसळली. "अहो, ही तब्येतीची गोष्ट आहे! उद्या एखाद्याला अॅटॅक आला तर त्याला ठराव दाखवणार का?"

"मॅडमचं एकटीचंच नॉर्मल आलंय," पाटकर सभेकडे वळून म्हणाले. "त्यांचा विरोध वैयक्तिक आहे."

ठराव पास झाला! नशीब एवढंच, की मुख्यालयाने तो फाइल केला, म्हणजे विसरून टाकला.

*

आता शेवटचा सांगतो. हा सांगताना मी अजून हसतो, आणि सुनीता समोर असेल तर सांगत नाही.

बाहेरच्यांना माहीत नसतं, पण आमच्या धंद्यात डॉक्टर दोन जातीचे. एक एम. बी. बी. एस. करून मग एम. डी. झालेले. दुसरे सायन्सला जाऊन पीएच. डी. केलेले. गुप्तेसर दुसऱ्या जातीचे, सुनीताही. काम बरेचदा दुसरे करतात आणि मान पहिल्यांना मिळतो. हे दुखणं गावोगाव होतं, आणि संघटनेच्या निम्म्या मीटिंगा त्यावरच खर्च व्हायच्या.

सुनीताच्या हॉस्पिटलच्या ट्रस्टींनी एक दिवस फतवा काढला, यापुढे रिपोर्टवर सही फक्त एम. डी.ची. इतकी वर्षं सुनीता तपासत होती, सुनीताच सही करत होती. आता मुंबईहून एक एम. डी. बोलावला. तो दर गुरुवारी यायचा, कॉफी मागवायचा, कोऱ्या रिपोर्टच्या गठ्ठ्यावर भराभर सह्या ठोकायचा आणि निघून जायचा. पुढच्या आठवडाभराचं काम एका बैठकीत! ज्यांच्या रिपोर्टवर सही झाली ते पेशंट अजून आजारीसुद्धा पडलेले नसायचे!

सुनीताने त्या कागदांना हात लावायला नकार दिला. ट्रस्टी म्हणाले, जमत नसेल तर सोडा. तिने राजीनामा लिहिला. घरी नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, मुलगी शाळेत. तरी लिहिला.

हे कळलं तशी सर पायजम्यातच रिक्षात बसले. ट्रस्टींची मीटिंग चालू होती, सर सरळ आत. मी दारात उभा होतो, मी ऐकलंय ते भाषण. तसं सरांचं भाषण ना त्याआधी झालं ना नंतर.

"जो तपासतो त्याने सही करायची!" सरांनी ट्रस्टींच्या टेबलावर मूठ आपटली. "न बघता केलेल्या सहीला सही म्हणत नाहीत, ऑटोग्राफ म्हणतात. तो सिनेमातल्या लोकांकडून घ्यावा! या मुलीला मी शिकवलंय. उद्या मी मरायला टेकलो तरी माझं रक्त मी हिच्याच हातात देईन, डोळे मिटून देईन!"

ट्रस्टींमधला एक म्हातारा व्यापारी चक्क रडला. राजीनामा फाडला गेला. सुनीताची सही परत आली. एम. डी. गुरुवारी यायचा, पण फक्त ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींचे तुकडे बघायला. सरांनी तेच भाषण राष्ट्रीय अधिवेशनात केलं, तर सगळा हॉल उभा राहिला. शाल मिळाली. ती शाल ते पनवेलच्या उकाड्यातसुद्धा पांघरायचे.

पुढल्या हिवाळ्यात एका सकाळी फिरायला गेलेले सर छातीला हात लावून खाली बसले. त्याच हॉस्पिटलमध्ये आणलं. कार्डिओग्राम धड बरा नाही, धड वाईट नाही. डॉक्टर म्हणाले, रक्तातली एन्झाइम्स बघू, अॅटॅक असेल तर ती वाढतील. सरांची बायको, आमच्या काकू, कॉटजवळ बसून होत्या, पदर मुठीत धरून. सर पांढरे पडले होते. कधी नव्हे ते काही बोलत नव्हते.

रक्त सुनीताने स्वतः काढलं. टेक्निशियनला हात लावू दिला नाही. मला निरोप आला तसा मी नवं किट घेऊन धावलो. तिने आधी कंट्रोल, म्हणजे उत्तर ठाऊक असलेलं सॅम्पल, लावून मशीन पारखलं आणि तपासणी केली. मग दुपारी पुन्हा रक्त काढून नव्या किटवर पुन्हा केली. मी काहीतरी विचारायला गेलो तर म्हणाली, "नाईक, प्लीज बोलू नका." 

सगळं नॉर्मल आलं. दोन्ही वेळा.

ती सिंकपाशी गेली, नळ सोडला, तोंड धुतलं, परत धुतलं. मग रिपोर्ट लिहिला, खाली पूर्ण नावाने सही केली आणि स्वतः वर घेऊन गेली. मी मागोमाग.

"सर, एन्झाइम्स नॉर्मल आहेत."

काकूंनी तिचे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागल्या. सरांनी चष्मा मागितला. रिपोर्ट वरपासून खालपर्यंत वाचला.

"दोनदा केलंस?"

"दोनदा, सर. वेगवेगळ्या सॅम्पलवर."

"कंट्रोल लावला होतास?"

"दोन्ही वेळा."

"शाब्बास!" सरांचे डोळे भरून आले. त्यांनी कागद छातीशी धरला आणि डोळे मिटून घेतले. काकूंनी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. सुनीता सलाइनची नळी सरळ करत होती. खोलीत इतकं बरं वाटत होतं, की मलाही हुंदका आला.

मग सरांनी एक डोळा उघडला.

"सुनीता," ते हळूच म्हणाले, "आज गुरुवार ना गं? तो मुंबईवाला खाली असेल, तर एक सही त्याचीही घेऊन ठेव!"